जाईला घेऊन लिस्बन

२ एप्रिल, बुध. देवास
उद्या निघायचं, लेकीकडे, ऋचाकडे, लिस्बनला. जन्मात पहिलं विमान. नात जाई चार महिन्यांची झाली, अजून मांडीवर घेतली नाही. व्हिसाच आत्ता आला.
परवा जावई निखिलराव फोनवर म्हणाले, "आई, तुम्ही आलात तर बरं होईल. ती काही बोलतच नाही." एवढंच. ते असं कधी म्हणत नाहीत. ह्यांना सांगितलं नाही, बीपी वाढतं. माझं शिलाईचं दुकान महिनाभर बंद.
बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, रतलामी सेव, एक जुनी सुती साडी.

५ एप्रिल, शनि. लिस्बन
पोचले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. जाईचे कान थेट ह्यांचे.
ऋ. सगळं घड्याळावर करते. दूध, लंगोट, झोप. चूक एक नाही. पण पोरीकडे बघत नाही. "बेबी उठली." "बेबीचं दूध झालं." नावाने एकदाही हाक नाही.
विचारलं, "बाहेर जाता की नाही?" म्हणाली, "बाबागाडी चढत नाही इथे." खरंय, मांडूचा घाट बरा असे रस्ते. महिनाभर बाहेर पडलेली नाही.

७ एप्रिल, सोम.
साडी फाडून झोळी शिवली. मशीन नाही, हातानेच. खांद्याला दुहेरी कापड. मांडूजवळ नालछ्याच्या हाटात बायका पोरं अशीच बांधून आणायच्या, लहानपणी खूप पाहिलंय. ऋ. म्हणाली, "आई, लोक बघतील." "बघू देत. आपल्याला इथे ओळखतं कोण?"
दुपारी तिघी निघालो. नदी की समुद्र, कळेना. घरांना बाहेरून निळ्या टाइल्स, आपण न्हाणीत लावतो तशा! जाई टक लावून बघत होती. ऋ.ने फोटोसाठी मोबाईल काढला. परत ठेवून दिला.

८ एप्रिल, मंगळ.
किल्ला. गुडघे संपले. वाटेत एका म्हातारीने जाईचे तळवे धरून केवढं बोलून घेतलं, एक शब्द कळला नाही, तरी मी मान हलवत राहिले.
साबणाला इथे साबणासारखंच काहीतरी म्हणतात, कोबीलाही. निखिलरावांनी दुकानात वाचून दाखवलं. म्हटलं, मग मला अर्धी भाषा येतेच की. ऋ. हसली. निखिलराव आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघतच राहिले.

१० एप्रिल, गुरु.
आजचं आजच लिहून ठेवते.
जुनी पिवळी ट्राम, खच्चून गर्दी. ऋ. पुढे चढली, पिशवी तिच्याकडे. पिशवीत दूध, माझा मोबाईल, सगळं. मी झोळीत जाईला घेऊन मागे. मध्ये दोघे जण घुसले, आणि दार बंद. काचेतून ऋ.चा चेहरा दिसला. ट्राम वळणावर गेली सुद्धा.
फोन नाही, भाषा नाही, घराचा पत्ता पाठ नाही. हलायचं नाही, एवढं ठरवलं. जाईने भोकाड पसरलं. समोरच्या बेकरीतली बाई खुर्ची घेऊन आली, मला बसवलं, पाणी दिलं. मी तिला मराठीत सांगते, ती मला तिच्या भाषेत. अर्धा तास तरी गेला असेल.
मग चढावावरून ओरडणं ऐकू आलं. "जाई! जाईऽऽ!" ऋ. पळत खाली येत होती, केस सुटलेले, रस्त्यात सगळे वळून बघतायत. "दे, दे तिला!" झोळीतून ओढूनच घेतलं. तिथेच फुटपाथवर बसली आणि पोरीचं डोकं हुंगत इतकी रडली, इतकी रडली... जाई गप्प झाली, ही होईना.
घरी आल्यावर म्हणाली, "आई, दार बंद झालं ना, तेव्हा एक सेकंद मला बरं वाटलं. सुटले असं वाटलं. आणि मग पुढचा स्टॉप येईपर्यंत मी मेले. मी कसली आई गं?"
तिला पुढ्यात बसवलं. तिची वेणी घालत बसले. थोड्या वेळाने म्हटलं, "बोललीस, बरं केलंस. हेच उद्या डॉक्टरला सांगायचं. मी येते बरोबर."

१४ एप्रिल, सोम.
डॉक्टरांची वेळ आज मिळाली. डॉक्टरीणबाई चांगल्या. ऋ. सगळं बोलली, त्या सेकंदाबद्दल सुद्धा. त्या अजिबात दचकल्या नाहीत. बाळंतपणानंतर खूप जणींना होतं, उपचार आहे, वेळ लागेल. गोळ्या, दर आठवड्याला भेट. बाहेर आल्यावर निखिलराव भिंतीला टेकून उभे. "मला वाटलं, ती माझ्यावर रागावलीय." तेही बिचारे घाबरून होते.
मी आज दोन वाट्या भात खाल्ला.

२२ एप्रिल, मंगळ.
नदीकाठचा बुरूज बघून आलो. झोळी ऋ.ने बांधली, गाठ चुकली, मी पुन्हा घालून दिली. काल दिवसभर पडून होती, आज उठली. असंच चालणार म्हणे.
फोटो काढला. चौघं आहोत. जाई एकटीच कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.

३ मे, शनि. देवास
आले. इंदूरहून टॅक्सी. ड्रायव्हर: "कां से आ रिये हो, आंटी?" म्हटलं, लिस्बन. "वो खंडवा साइड है क्या?" हसून पोट दुखलं.
ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग, "आधी का नाही सांगितलंस?" बीपी काही वाढलं नाही.
ऋ.चा रोज फोन. आज म्हणाली, "जाई पालथी पडली!" म्हणजे बघत होती.

११ मे, रवि. धार
ह्यांच्याबरोबर ऋ.च्या सासूबाईंकडे फोटो घेऊन गेले. हे बाहेर ओसरीवरच बसले. जायच्या आधी ऋ.ला विचारलं होतं, काय सांगू? म्हणाली, "तुला वाटेल ते सांग. खोटं नको."
विहीणबाईंनी फोटो दोनदा बघितले. मग विचारलं, "सूनबाई बरी आहे ना? फोनवर आवाज फार खोल गेला होता तिचा." सांगितलं. औषधाचंही सांगितलं. वाटलं, आता ऐकावं लागणार, आमच्या वेळी असलं काही नव्हतं म्हणून.
त्या फोटोवरून बोट फिरवत राहिल्या. "निखिलच्या वेळी मी तीन महिने माडीवरून खाली उतरले नव्हते. कोणाला कधी..." तेवढ्यात त्यांच्या जाऊबाई चहा घेऊन आल्या. विषय उन्हाळ्यावर गेला.
निघताना फाटकापर्यंत आल्या. माझा हात धरून ठेवला. "परत या. एकट्या या."