उभी रेघ, आडवी रेघ

११ नोव्हेंबर, सोमवार

चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक, वडील ब्योन, यांनी गळ्यात काम घातलं, म्हणून लिहिते. एरवी रोजनिशी हा प्रकार मला कधी जमला नाही.

पहाटेची प्रार्थना संपल्यावर त्यांनी मला चर्चच्या पायरीवर थांबवलं आणि हातात एक कोरी वही ठेवली. "नवा सुवार्तिक दर गुरुवारी टीव्हीवरची मालिका दाखवून बायबल शिकवणार म्हणे. मालिका! प्योबाई, तुम्ही जाऊन बसा. ऐकाल ते उतरवा. तीस तारखेला वही माझ्याकडे."

मी विचारलं, मीच का?

"एकतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात. तुमच्या नजरेतून काय सुटतं?"

खोटं नाही. काही सुटत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गुनसान शहरातच, बंदराकडच्या एका चर्चमध्ये असाच एक गोडबोल्या शिरला होता. आधी कॉफी, मग सिनेमा, मग "चला, वेगळं बसून थोडं बायबल वाचू." वर्षभरात अकरा घरं त्या गुप्त पंथाला लागली. हा आमचा सोन तेयूल एकतीस वर्षांचा आहे, सप्टेंबरात आला आणि फार हसतो. डिसेंबरात वडीलमंडळ त्याची शिफारस करायची का ते ठरवणार. केली तर पाळक होईल. नाही केली तर बायको-मुलीला घेऊन निघेल. ते त्या वहीवर ठरणार.

त्यांच्या वहीत पुरावा जाईल. उरलेलं इथे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सतराजण! रविवारी उपासना संपली की चपला शोधत पळणारे लोक आज सहा वाजता हजर. संशय तिथूनच सुरू.

मालिका मच्छी-सूपाच्या दुकानाची. मालकीणबाईची मुलगी घर सोडून गेलेली. बाई रोज संध्याकाळी भाताची एक वाटी झाकण घालून, खालून तापवलेल्या जमिनीवर, गोधडीखाली ठेवते. रोज सकाळी थंड भात काढून स्वतः खाते. बोलत काही नाही.

सोनने तिथे चित्र थांबवलं. "यात देव कुठे दिसतो?"

"वाटीत!" ग्वाक सूनरे ओरडली. ती आयुष्यभर मासळीबाजारात बसलेली, तिला हळू बोलता येत नाही. "झाकण आहे म्हणून दिसत नाही इतकंच!"

सगळे हसले. तोही. मी म्हटलं, भात म्हणजे भात. माझी आईसुद्धा युद्धात हरवलेल्या मामासाठी अशी वाटी ठेवायची, आणि ती डोंगरातल्या देवाला हात जोडणारी बाई होती. तिच्या वाटीत कुठला प्रभू?

"छान प्रश्न आहे, बाई," म्हणाला. मला शाबासकी देतो!

मग कागद वाटले. कागदावर मालिकेतली वाक्यं. मी पहिल्या ओळीतच थांबले.

हानुनीम. देवाचं नाव, पण मधली रेघ आडवी.

आमच्या कोरियन लिपीत उभी रेघ काढली की हानानीम — एकच जो, तो. आडवी काढली की हानुनीम — आभाळातला तो. आम्ही प्रोटेस्टंट उभी काढतो. कॅथलिक आडवी काढतात. शाळेचं पुस्तक, शब्दकोश, राष्ट्रगीत, सगळीकडे आडवी. पण चर्चच्या छताखाली आडवी रेघ मी सत्तर वर्षांत पाहिली नव्हती!

लाल पेन्सिलीने गोल केला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

कॉम्प्युटरचा कीबोर्ड काढून पाहिला. त्या दोन रेघांची बटणं जवळजवळ आहेत. म्हणजे बोट घसरू शकतं. पण घसरलं तर एकदा घसरेल. कागदावर तीनदा आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

त्याला जिन्यात गाठलं. कागद पुढे केला.

"बाई, ते मी लिहिलेलं नाही. पात्रांच्या तोंडी जसं आहे तसं उतरवलं."

"देवाचं नाव सुधारून घेता आलं नाही?"

"ते म्हणणाऱ्यांनी तसं म्हटलंय ना. मी कसं बदलू? आणि शब्दकोशात तर—"

शब्दकोश! मला! ज्या बाईने भाषा घेऊन कॉलेज केलं आणि तीन शाळांना शब्दकोश उघडायला शिकवला!

वडील ब्योन यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "कॅथलिक असेल. नाहीतर त्याहून वाईट. अजून असं एक मिळू दे, पुरे."

कुणाची चूक सापडल्यावर मलाही असाच आनंद होतो का? आरशात पाहायला हवं एकदा.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज घाईने लिहितेय. वळण बिघडेल. बिघडू दे.

आज मागची गोष्ट दाखवली. सूपवाली तरुण आहे, मुलगी आठ वर्षांची. पोरगी शाळेतून उड्या मारत येते. राष्ट्रगीत न चुकता लिहिलं, पैकीच्या पैकी गुण! आई कागद घेते. शब्दकोशाला दोऱ्याने बांधलेली लाल पेन्सिल ओढते आणि एका शब्दाभोवती गोल काढते.

"ही रेघ उभी."

"पण शाळेत तर—"

"शाळेत शाळेचं. या घरात उभी. शंभर वेळा लिही. मग जेवण."

पोरगी लिहिते. ताटातला भात निवत जातो. आई समोर बसून म्हणते, "आभाळ काय, कुणाच्याही डोक्यावर असतं. आपला तो एकच."

लोक हसत होते. ग्वाकने माझ्या बरगडीत कोपर मारलं. "अगं प्यो, ही तर तूच! केसांचा अंबाडासुद्धा तुझाच!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

ते वाक्य माझं आहे. शब्द न् शब्द माझा. दोऱ्याने बांधलेली पेन्सिल माझी. कुणी सांगितलं? तो पंथ असाच घराघरातलं काढून घेतो! पहिला विचार हाच आला — या सोनने माझं घर खणलंय.

घरी आल्यावर अक्कल आली. सोन मालिका दाखवतो. मालिका बनवत नाही.

त्याने विचारलं होतं, "यात देव कुठे?" शेवटी ग्वाकच म्हणाली — हळू म्हणाली, हे विशेष — "त्या पोरीला भूक लागलीये ना. तिथे असेल."

ते चर्चच्या वहीत लिहिलं नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

ग्वाककडे गेले. म्हटलं, तो भाग शेवटपर्यंत लाव, नावं बघायचीत. तिच्या फोनवर नावं मुंग्यांसारखी पळतात. तिने अंगठ्याने दाबून धरली. मी चष्मा पुसला.

सहलेखन — मोक इन्योंग.

मोक माझ्या नवऱ्याचं आडनाव; मुलीला लागलं, मला नाही. इन्योंग नाव मी ठेवलं.

बारा वर्षं झाली. चर्चमध्ये येणार नसशील तर माझ्या दारातही येऊ नको, असं मी म्हणाले होते. ती माझी मुलगी; तिने शब्द पाळला. सणाला फोन करते. "जेवलीस का, आई?" — "जेवले." — "बरं." सोलमध्ये लिहायचं काम करते एवढं माहीत होतं. मला वाटायचं जाहिराती असतील.

"तुला ठाऊक होतं?" ग्वाकला विचारलं.

"अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. मला वाटलं तू तोऱ्यात गप्प बसलीयेस."

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज चर्चची हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस. तीनशे कोबी. सोन कोपरापर्यंत मिठात. आजूबाजूला कुणी नाही पाहून विचारलं, "ती मालिका का निवडलीत? खरं सांगा."

"ती शंभर वेळा लिहिणारी पोर आवडली, बाई. माझी आजी मला बायबल उतरवायला बसवायची. फार राग यायचा."

"मालिका लिहिणारी कोण, माहीत आहे?"

"नाही. कोण?"

डोळ्यात डोळे घालून पाहिलं. एकतीस वर्षं मी पोरांना खोटं बोलताना पाहिलंय. हा खोटं बोलत नव्हता. नाकाला तिखट लागलेलं होतं, तेही त्याला माहीत नव्हतं.

"कोबीच्या आतल्या पानात मीठ पोचलेलं नाही," म्हटलं आणि आले.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा ती वाटी. आज मी हात वर केला.

"ही वाटी खोटी आहे."

"कशी काय, बाई?"

"अशी बाई वाटी ठेवणार नाही. जिने पोरीला भुकेलं बसवलं, ती पोर गेल्यावर पातेलं घासून पालथं घालते. मला माहीत आहे."

सोनच्या तोंडावर पहिल्यांदा हसू नव्हतं. ती बाई खरंच मी, हे त्याला आत्ता कळलं असावं. पण बोलला नाही. शिकवणीत कधी गप्प बसायचं, हे त्याला येतं.

ग्वाक म्हणाली, "खोटी कशी? मला वाफ दिसली."

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मी कधी वाटी ठेवली नाही. बारा वर्षांत एकदाही नाही. ते तिने कुठून आणलं?

तिच्या आजीच्या वाटीची गोष्ट मीच सांगितली असेल. पण गोधडीखाली हात घालून पाहणारी ती बाई आजी नाही. तिच्या अंगावर माझा स्वेटर आहे. अंबाडा माझा आहे. मी जे केलं नाही ते करताना माझ्या मुलीने मला पाहिलंय. न बघता.

दुपारी ट्रंक उपसली. इन्योंगची ती वही सापडली. टाकली नव्हती मी! शंभर ओळी, उभी रेघ, शंभर वेळा. एकसष्टाव्या ओळीला शिसं तुटलंय, पुढे पेन. ब्याण्णवाव्या ओळीपासून अक्षर उतारावर. खाली माझी लाल बरोबरची खूण. "ठीक" एवढंच लिहिलंय.

३० नोव्हेंबर, शनिवार

वडील ब्योन यांना सुपूर्द: त्यांची वही, एक. त्यात तीन गुरुवार. सुवार्तिकाचा दोष — आढळला नाही. शिफारस — करावी. ते म्हणाले, "आणि ते आडव्या रेघेचं?" म्हटलं, तपासणाऱ्याची चूक होती.

सोलला कुरिअरने: किमचीचा डबा, एक. माझ्या आईची काशाची झाकणाची वाटी, एक. जुनी वही, एक. शंभर ओळी तिच्या. एकशेएकावी माझ्या हातची.

रेघ आडवी.