दीवची राहिलेली उत्तर बाजू

सोलापूर,
१६ फेब्रुवारी

प्रिय रशीदा,

फोन तू उचलत नाहीस आणि ग्रुपमधून तर मागच्या आठवड्यातच बाहेर पडलीस, म्हणून हा कागद. तुझ्या आसिफच्या हातात देणार आहे. त्यानं आधी वाचला तरी माझी हरकत नाही, फक्त तुला देताना तोंड सरळ ठेवावं. तुला वाटेल, भुवना आता सारवासारव करायला बसली. तशी सवय आहेच मला. पण तू माझ्याशी पुन्हा बोलायला लागावीस एवढ्यासाठीच हे लिहितेय, त्यामुळे खोटं काही लिहिणार नाही. आधी सहल कशी झाली ते सांगते, कारण ती तुझी सहल होती आणि तुझ्याशिवाय झाली.

कल्पना तुझीच ना. आठ वर्षं आपण चौघी कंबर तलावाला फेऱ्या मारतोय. गिरिजाबाई पुढे, कारण सगळ्यांत थोरल्या असून सगळ्यांत चपळ त्याच. महेश्वरी मागे, कारण बँकेतून रिटायर झाल्यापासून तिला कुठंच वेळेवर पोचायचं नाही. मध्ये आपण दोघी. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तू मध्येच थांबलीस आणि म्हणालीस, "कित्ती बार पानी के चौतरफ फिरना गे? एक बार पानीच अपने चौतरफ फिरने दे." तिथून बेटाचं खूळ शिरलं. अंदमानला विमान लागतं आणि गिरिजाबाईंना विमान नको, म्हणून दीव. गाडीनं जायचं, पुलावरून बेटावर चढायचं, तंबूत राहायचं आणि चालत चालत बेटाला वेढा घालायचा. गाडी तू चालवणार, तंबू महेश्वरी आणणार, खाणं गिरिजाबाईंकडे आणि तारखा माझ्याकडे. एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमधून टॉवेलची कुठली ऑर्डर कुठल्या दिवशी निघणार ते मीच ठरवते, त्यामुळे तारखांत माझं चुकत नाही असा माझा समज होता. तुम्हा तिघींचाही होता.

मग २२ सप्टेंबरला तुझे नबीसाब गेले. सहलीचं नाव कुणी काढलं नाही. डिसेंबरात महेश्वरी ग्रुपवर म्हणाली, उन्हाळा लागला की दीवला चालणं व्हायचं नाही. मी म्हणाले, रशीदाची इद्दत संपू दे, नवऱ्यामागं घरात बसायचे तिचे दिवस भरू देत. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या. चार महिने, म्हणजे २२ जानेवारी. वर दहा दिवस, म्हणजे १ फेब्रुवारी. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकल्यावर मीच त्या दोघींना जाहीर केलं की ३१ जानेवारीच्या शनिवारी निघायचं. तंबूंच्या जागेचं बुकिंग बदलून मिळत नाही, रशीदाचा एक दिवस उरतो, तिला उगीच संकोचात टाकायला नको, म्हणून विचारायचंच नाही. तुला मेसेज मी टेंभुर्णी मागं टाकल्यावर केला. 'तुला त्रास नको म्हणून विचारलं नाही.' हे वाक्य मी तीनदा बदलून लिहिलं होतं.

गाडीवर शरणप्पा होता. बारा वर्षं तुमच्याच टेम्पोवर होता, त्यामुळे त्याची चाल तुला माहीत आहे. साठच्या वर काटा म्हणून नेत नाही. पुण्यातच जेवायची वेळ झाली, पहिला मुक्काम वसईच्या अलीकडे पडला, दुसरा भावनगरला. गिरिजाबाईंनी चाळीस कडक भाकऱ्या आणि डबाभर शेंगाची चटणी घेतली होती, त्यामुळे ढाब्यावर आम्ही फक्त चहा पीत होतो आणि ढाबेवाले आमच्याकडे बघत होते. वसईला शरणप्पानं टायर बघता बघता विचारलं, "मालकीणबाई न्हाईत आल्या त्या?" महेश्वरीनं त्याला एका दिवसाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग एक दिस थांबलो असतो की. गाडी काय पळून जातीय व्हय?" मी बाटलीत पाणी भरायला निघून गेले.

दीवला नागोआच्या बाजूला एका माणसाच्या नारळाच्या वाडीत जागा घेतली होती. महेश्वरीनं मागवलेल्या तंबूवर 'चार माणसांसाठी' असं लिहिलं होतं. ती चार माणसं कुठल्या देशातली असतात कोण जाणे. आम्ही तिघी त्यात अशा बसलो की एकीनं कूस बदलली की तिघींनी बदलायची. शिवाय दार वाऱ्याच्या तोंडाला केलं, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी सगळा तंबू फुगला आणि खुंट्या उपटून झाडाला जाऊन चिकटला. मग शरणप्पानं दार फिरवून दिलं, आम्ही आपल्या सोलापुरी चादरी बाहेरून बांधल्या आणि ते प्रकरण थांबलं. त्याच संध्याकाळी वाडीचा मालक चहा घेऊन आला. गप्पांत म्हणाला, "मैंने तो बहनजी को फोन पर बोला था, एक दिन बाद आओ, दो दिन बाद आओ, जगह खाली ही है." महेश्वरीनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ती मागं राहायची सोडून माझ्या शेजारून चालायला लागली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. तुझ्या जागेवर ती.

चालणं मात्र झकास झालं, हे मला तुझ्यापासून लपवायचं नाही. किल्ल्यापासून सुरुवात केली आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून निघालो. शरणप्पा गाडी पुढं नेऊन पाण्याचा कॅन घेऊन बसायचा. तिथं फांद्या फुटलेली ताडासारखी झाडं आहेत, होका म्हणतात. आपल्याकडचा ताड सरळ वर जातो, याला दोन-दोन, चार-चार डोकी. खडकात गंगेश्वर आहे. कपारीत पाच पिंडी आणि भरतीची लाट येऊन त्यांच्यावरून जाते. गिरिजाबाईंनी गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं आणि तिथंच खडकावर बसून पूजा केली, गुडघ्यापर्यंत पातळ भिजलं तरी उठल्या नाहीत. वर म्हणाल्या, "आपला नम्म शिव हितं फुकटात अंघोळ करतोय बघ रोज." मी बाजूला बूट काढून बसले होते आणि मला नबीसाब आठवत होते. गुरुवारी लूम बंद असायचे तेव्हा एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर ते आपल्या दोघींना टेम्पो शिकवायचे. तू तीन गुरुवारांत शिकलीस. मी चौथ्या गुरुवारी गाडी बाभळीत घातली. ते खाली उतरले, बाभळीकडे बघितलं आणि म्हणाले, "बहन, तुम तारीख देखो, गाडी रशीदा देखेगी." एवढं आठवलं आणि मला तुला फोन करावासा वाटला. केला नाही.

तिसऱ्या दिवशी वणाकबाऱ्याला पोचलो. बेटाचं पश्चिमेचं टोक, सगळी कोळ्यांची वस्ती, जिकडं बघावं तिकडं दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले. तुला आवडतात म्हणून मी घ्यायचे ठरवले. जन्मात मासळीला हात न लावलेल्या तीन लिंगायत बायका नाकाला पदर लावून भाव करताहेत, हे बघायला तू हवी होतीस. विकणारीच हसून बेजार झाली. किलोभर घेतले, पाच पिशव्यांत बांधले, वरून चादर गुंडाळली. तरी परतीचे तीन दिवस काचा उघड्या ठेवून बसावं लागलं. ती चादर गिरिजाबाईंची होती आणि आता ती मला बक्षीस मिळाली आहे.

वणाकबाऱ्याला दक्षिणेची बाजू संपते. तिथून वळून उत्तरेकडून परत किल्ल्याला आलं की वेढा पुरा होणार होता. एका दिवसाचं चालणं. महेश्वरी सकाळी बूट घालून तयार होती. मी म्हणाले, माझे पाय दुखताहेत. पाय दुखत नव्हते. मला ते बेट तुझ्याशिवाय पुरं करायचं नव्हतं आणि हे तोंडानं म्हणायची सोय मीच ठेवली नव्हती. गिरिजाबाई म्हणाल्या, "शंकराला पुरी प्रदक्षिणा नसती. अर्ध्यातनं माघारी फिरायचं असतंय." महेश्वरी चिडली, ते देवळात, हे दीव आहे. तर त्या म्हणाल्या, "मग ऱ्हायलेली बाजू जिची हाय तिला ठेव की." त्यांना सगळं आधीच कळलं होतं. आम्ही माघारी फिरलो.

गेल्या सोमवारी सकाळी अकराला मी बोंबील घेऊन तुझ्या दारात आले. आसिफनं दार उघडलं, अर्धंच. "अम्मी सो रहीं खाला," म्हणाला. सकाळी अकराला तू झोपत नाहीस, तुला ताप असला तरी. पिशवी देताना त्याच्या मागं मला तुझी निळी बॅग दिसली. भरलेली, साखळी लावलेली. वर नवे बूट, त्यांची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. मी विचारलं, कुठं निघालात? म्हणाला, "इद्दत तो जुम्मेरात को इच पूरी हुई थी खाला. चांद के हिसाब से. दो दिन बैग भर को बैठी थी अम्मी. बोल रही थी, भुवना तारीख नईं भूलती, लेने आयेगी." मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. शरणप्पा खाली गाडीत होता. त्यानं दार उघडून धरलं.

म्हणजे गुरुवारीच तुझी इद्दत संपली आणि शनिवारी सकाळी आम्ही तुझ्या गल्लीवरून गेलो तेव्हा तू मोकळी होतीस. चंद्राचे महिने लहान असतात हे मला कळायला हवं होतं, रशीदा. काल आमची शिवरात्र झाली, ती काय इंग्रजी तारखेला बांधलेली असते? आमच्या घरात संक्रांत सोडली तर सगळे सण चंद्रावर आणि तुझे दिवस तेवढे मी ऑर्डरीच्या कॅलेंडरवर मोजले. पण मोजणी चुकली म्हणून सुटका करून घेण्यासारखं यात काही नाही. माझ्या चुकीच्या हिशेबानंसुद्धा एकच दिवस उरत होता. वाडीवाला थांबायला तयार होता. शरणप्पा तयार होता. मी थांबले नाही. मला तू गाडीत नको होतीस.

का, ते सांगायलाच हे पत्र आहे. माझे शिवकुमार गेले तेव्हा पंधरा दिवस मी खोलीतून बाहेर आले नव्हते. माझ्या सख्ख्या बहिणी बाहेर बसून रडत होत्या. तू आलीस, कुणाला न विचारता आत शिरलीस, माझे बूट माझ्यापुढं टाकलेस आणि म्हणालीस, "जूते पैन भुवना, बाकी बाद में." मला हाताला धरून तलावावर नेलंस. महिनाभर रोज तीच तीच गोष्ट मी तुला सांगत होते, दवाखाना, सलाईन, शेवटचं काय म्हणाले, आणि तू रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलंस. आणि तुझी वेळ आली तेव्हा चार महिन्यांत मी दोनदा आले. दोन्ही वेळा घड्याळ बघत उठले. तुझ्याकडे बघितलं की मी परत त्या खोलीत जाऊन बसते, म्हणून मी पळाले. सहलीत तू रडलीस तर काय करायचं, ही मला भीती होती. मी घाबरले, मी आपमतलबी वागले आणि वर त्याला तुझ्या संकोचाचं नाव दिलं. याची माफी मागते. तू दिलीच पाहिजेस असं नाही.

उत्तरेची बाजू अजून तशीच आहे. तिकडं समुद्र नाही, खाडी आहे, चिखल आणि झुडपं, बघण्यासारखं काही नाही असं वाडीवाला म्हणतो. तिथं आपण दोघींनी चालायचं. तू नबीसाबांबद्दल बोल, दवाखान्यापासून सुरू कर, तेच तेच सांग. रडावंसं वाटलं तर रड, मी कुठं जात नाही. कधी जायचं ते ईदनंतर तू ठरव, चांद बघून, या वेळी दिवस तू मोजायचेस. पण रोजे लागायच्या आधीची एक सकाळ मी माझ्याकडे घेतेय. हा कागद तुला आज संध्याकाळी मिळेल. उद्या सहाला मी तुझ्या दारात उभी असेन, आणि तू दार उघडेपर्यंत बेल वाजवीन, आसिफ काहीही सांगू दे. त्या बुटांची चिठ्ठी काढून ठेव. जूते पैन, रशीदा. बाकी बाद में.

चुकली तरी तुझीच,
भुवना