बाबांनी पास केलेला केक

१२ मे

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत, बाबा तर जरा जास्तच. हे फोनवर सांगता येणार नाही, कारण फोन त्यांच्या खुर्चीशेजारी असतो आणि ते पेपर वाचण्याचं सोंग करून सगळं ऐकतात. तेव्हा नीट वाच, आणि ताई, तू फारच मनाला लावून घेतेस हे तुझं ठेवणीतलं वाक्य लिहून पाठवू नकोस.

ऑफिसातून मी वर्षभराची रजा घेतली ती केकसाठी. जून संपला की रजा संपते. तोवर जम बसला तर ठीक, नाहीतर पुन्हा तेच टेबल आणि तोच साहेब. मध्यंतरी बाबा म्हणाले, केक पोचवायचं काम माझ्याकडे दे, सायकल आहे, पाय आहेत. मला बरंच वाटलं. आता ऐक ते काय करतात. दारात डबा हातात देताना सांगतात की आज मधोमध जरा बसलाय, माझ्या मुलीला याहून चांगला जमतो. मुलांच्या डॉक्टरीणबाईंना सांगून आले की कडा करपल्यात, तेवढ्या कापून टाका. परवा तर एक केक अर्ध्या वाटेतून परत आणला, ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, हा जात नाही. तिकडे वाढदिवसाची पोरं टोप्या घालून बसलेली.

मी समजावलं, चिडले, हात जोडले. त्यांचं एकच. जन्मभर फॅक्टरीत बेअरिंगं तपासली, खराब माल कधी पास केला नाही, आता पोटच्या मुलीसाठी करू का, म्हणतात. यावर कपाळाला हात लावण्याखेरीज काय करणार.

पण काल हद्द झाली. पोहण्याच्या तलावाशेजारच्या कॅफेच्या मालकीणबाईंनी नमुन्याचा केक मागवला होता. पसंत पडला असता तर त्यांना वर्षभर रोज केक द्यायचे होते. त्या एका ऑर्डरवर मी राजीनामा लिहिला असता. बाबा मोठ्या ऐटीत घेऊन गेले, आणि बाईंनी सुरी लावायच्या आत सांगून मोकळे झाले की तळ कच्चा आहे. बाईंनी डबा तसाच परत दिला. बरं, तळ कच्चा होता का? होता, जरासा. म्हणून काय गावभर सांगायचं?

मग मी नको ते बोलले. म्हटलं, बाबा, आयुष्यात एकदा तरी माझं काही छान झालंय म्हणा, नाहीतर गप्प बसा. ते सायकल पुसत बसले.

शनिवारच्या गाडीनं त्यांना सायकलसकट तुझ्याकडे पाठवतेय. टिकलीला सायकल शिकवायला आजोबा हवेत असं त्यांना सांगितलंय, तेवढं सांभाळून घे. नातीचं नाव काढल्यावर लगेच बॅग भरली. तुझ्या बायकोला माझ्याकडून आधीच सॉरी सांग.

भावाची माया अशाच वेळी कामाला यावी, दुसरं मागणं नाही.

तुझी ताई

२६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा पोचले. तू मनाला लावून घेतेस असं मी यापुढे जन्मात म्हणणार नाही.

तुला माझी रविवार सकाळ ठाऊक आहे. सुट्टीतसुद्धा आठवडाभर शाळेच्या जादा वर्गांत गणित शिकवून डोकं भणभणलेलं असतं, म्हणून मी गाणी ऐकत अंगणातलं लॉन कापतो. तेवढाच काय तो माझा आराम. गेल्या रविवारी मशीन बंद करून वळतो तर बाबा गवतात उकिडवे बसलेले, हातात टिकलीची फूटपट्टी. म्हणाले, कुंपणाकडे दोन बोटं आहे, पायरीपाशी तीन. मी हसण्यावारी नेलं. जेवायच्या वेळेपर्यंत ते तिथून हलले नाहीत, तेव्हा निमूटपणे पुन्हा कापलं. शेजारचे निवृत्त विमाअधिकारी कुंपणाला रेलून मजा बघत होते. त्यांना बाबांनी सांगितलं की तुमचं कुंपण डावीकडे कललंय. त्यांनी आता आमच्याशी बोलणं टाकलंय.

बायकोनं हौसेनं बिस्किटं केली. बाबांनी ती ताटात रांगेनं लावली आणि जाडीप्रमाणे तीन ढीग केले. बायको हसली, पण ओव्हनचं दार जरा जोरात लागलं.

टिकलीची गोष्ट मात्र वेगळी. तिच्या सायकलची मागची छोटी चाकं त्यांनी पहिल्याच दिवशी काढली. रस्त्याकडेला खडूनं रेघ ओढतात आणि तिनं रेघेवरून जायचं. चाक घसरलं की नापास. पोरगी दोन्ही गुडघे फोडून घेते, रडते, आणि डोळे पुसून पुन्हा सायकलवर चढते. जेवायला बोलावलं तरी येत नाही. मला तर कळत नाही तिला यात काय गोड लागतं.

तरी विचारतो, तुझी रजा साधारण केव्हा संपते, म्हणजे बाबांना परत केव्हा नेतेस? माझ्यावरची तुझी मर्जी अशीच राहो, पण बाबांशिवाय राहिली तरी चालेल.

तुझा, लॉन दोनदा कापणारा,
ढब्बू

९ जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की ओव्हनमधले पाव विसरले. भोग आता. लहानपणी माझी चित्रं बाबांकडून नापास होऊन परत यायची तेव्हा तू दात काढायचास ना?

इथं घर कसं शांत आहे. केक मीच पोचवते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान. समोरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, अगदी छान. पोस्टमास्तर तर डबा उघडण्याआधीच छान म्हणाले. सगळे छान म्हणतात आणि पुन्हा कुणी मागवत नाही. शिंपीणबाईंच्या मुलीच्या वाढदिवसाला केक दुसरीकडून आला, मी खिडकीतून पाहिला. विचारायला गेले तर म्हणाल्या, अहो, तुमचा छानच असतो. आता या माणसांशी भांडायचं तरी कसं. मी स्वतः चाखून बघते, पण पहाटेपासून त्याच वासात उभं राहिल्यावर जिभेला काही कळेनासं होतं.

कॅफेच्या बाईंच्या मी हातापाया पडले. एक शेवटचा नमुना बघते म्हणाल्या. लिंबाचा केक द्यायचं ठरवलंय. तस्साच एक आपल्या दातांच्या डॉक्टरांबरोबर पाठवतेय, ते तुमच्या गावात त्यांच्या मुलीला भेटायला येताहेत. बाबांना दे. काय म्हणतात ते शब्द न गाळता कळव. माझ्या रागाची काळजी करू नकोस, राग मी इथं एकटी बसून करीन. हा केक फसला तर मला ऑफिसला परत रुजू होते असं कळवावं लागेल.

तुमच्या सगळ्यांच्या पोटात माझा केक आणि मनात मी असू दे.

तुझी ताई

१६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

केक मिळाला. आधी तुझ्या कामाचं सांगतो, मग बाकीचं. रागावू नकोस, केक भयंकर झाला होता. पहिल्याच घासाला जीभ चरचरली, वर कडू. बायको दोनदा पाणी प्यायली. टिकलीनं तिचा तुकडा रुमालात लपवला. कॅफेत हा पाठवू नकोस.

बाबांनी मात्र खाल्ला. सगळा तुकडा खाल्ला, आणखी एक मागून घेतला आणि म्हणाले, छान झालाय. शब्द गाळू नकोस म्हणालीस, पण एवढेच शब्द होते.

आता बाकीचं. चूक माझी आहे. मागच्या रविवारी पुन्हा फूटपट्टी निघाली आणि माझा तोल गेला. बोलून बसलो की ताईनं तुम्हाला सायकल शिकवायला नाही, याच कटकटीपायी इकडे पाठवलंय. त्यांनी फूटपट्टी टिकलीच्या दप्तरात नेऊन ठेवली. तेव्हापासून सगळं छान आहे. लॉन छान. खारट आमटी छान. शेजाऱ्यांना बोलावून त्यांच्या कुंपणालाही छान म्हणाले. काल टिकली रेघ सोडून पार गटारापर्यंत गेली, तरी पास. ती सायकल आडवी टाकून घरात आली आणि फुरंगटून बसली. आजोबा आता नीट बघतच नाहीत म्हणते. आज सायकलला हात लावलेला नाही.

मला वाटलं होतं, ते गप्प बसले की मी पाय पसरून झोपेन. तसं काही झालं नाही. दिवसभर ते पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसतात. तूच काहीतरी कर, माझं डोकं चालेनासं झालंय.

तुझा लोभ शिल्लक असेल तर थोडा इकडे पाठव.

ढब्बू

१९ जून

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

माझा केक छान झाला, असं तुम्ही म्हणालात म्हणे. ढब्बूनं पत्रात कळवलं. बाबा, तुम्ही खोटं बोललात. त्याच पिठातला इथं उरलेला अर्धा केक मी आज चाखला, आज ओव्हन लावला नव्हता म्हणून तरी जिभेला कळलं. तो केक कुत्र्यानं खाल्ला नसता आणि तुम्ही दुसरा तुकडा घेतलात.

मला तुमचा राग आला होता आणि अजून आहे. दारोदार माझी लक्तरं टांगायचं काहीच कारण नव्हतं. ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण खोटं सांगून तुम्हाला घराबाहेर काढलं, ते मी करायला नको होतं. मला फार वाईट वाटतंय. इथं सगळे मला छान म्हणतात आणि मला कुणाचंच खरं वाटत नाही. आता तुम्हीही तसंच म्हणायला लागलात तर मी विचारू कुणाला?

कॅफेच्या बाईंना पुढच्या आठवड्याचं सांगितलंय. शनिवारी मी तुम्हाला न्यायला येतेय. माझी एक अट आहे. केक घरातून निघायच्या आधी ओट्यापाशी काय ते बोलायचं, वाट्टेल तेवढं बोलायचं, परत करायचा तर तिथंच परत करायचा. एकदा डब्याला झाकण लागलं की तोंडालाही लावायचं. मान्य असेल तर लगेच कळवा, आणि त्या केकचं खरं काय ते लिहा.

तुमची माया माझ्यावर आहे हे मला माहीत आहे. राग असेल तर तोही पत्रात लिहा.

तुमची बेबी

२३ जून

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अट मान्य. झाकणाचं तुझं म्हणणं रास्त आहे. फॅक्टरीतसुद्धा माल गेटाबाहेर गेल्यावर आम्ही बोलत नसू, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

केकबद्दल. सोडा जास्त पडला होता, म्हणून जीभ चरचरते. लिंबाची साल किसताना आतलं पांढरं आलं, त्यानं कडू झाला. डावी बाजू उजवीपेक्षा उंच होती, तुझा ओव्हन सपाट उभा नाही, पायाखाली पुठ्ठा घाल. वरचा साखरेचा थर बरा होता. टिकलीला आज पुन्हा नापास केलं, ती खुशीत आहे. ढब्बूला मात्र पायरीपाशी तीन बोटं गवत राहतं हे मी जाताना सांगणार आहे.

पहिल्या घासालाच मला सगळं कळलं होतं. तरी छान म्हणालो, कारण आयुष्यात एकदा तरी म्हणा असं तू म्हणाली होतीस. आता पुन्हा म्हणणार नाही, फार जड गेलं.

दुसरा तुकडा मात्र त्यासाठी घेतला नाही. तो तुझ्या हातचा होता आणि मला घरची आठवण येत होती.

शनिवारी वेळेवर ये. लोभ आहेच, वेगळा लिहीत नाही.

बाबा