कडीपर्यंतचा दोरा

॥ श्री ॥

राजाजीनगर, बंगळूर
ता. ५ एप्रिल १९६०

ती. सौ. अक्कास,
वीणाचा शि. सा. न. वि. वि.

पाडव्याला मथुराची उंची घेऊन पाठवलेला दोरा काल पोचला. चौकटीला मारलेल्या खिळ्यावर तुझे आधीचे तीन दोरे टांगले आहेत, त्यांच्याशेजारी हा चौथा. जमिनीपासून चौकटीला लावून पाहिला, कडी अजून तीन बोटे वर आहे.

दीड वर्षाची पोर तुझ्या मांडीवर टाकून मी सॅनेटोरियममध्ये गेले, त्याला या श्रावणात चार वर्षे होतील. आता छातीत काही उरलेले नाही असे डॉक्टर म्हणतात, पण मूल उचलायचे नाही आणि त्याच्यामागे धावायचे नाही ही अट कायम आहे. म्हणून तर आपले ठरले ना, की मथुराचे डोके आमच्या दाराच्या कडीला लागेल एवढी ती झाली की आपले आपण करील, आणि मग तिला इकडे आणायची. कडीच्या उंचीचा लाल दोरा तुझ्यापाशी आहेच, तो जपून ठेव.

हे हल्ली शिरगणतीच्या कचेरीत आहेत आणि जे दिसेल त्याचा वाढीचा वेग काढत सुटले आहेत. अमुक गाव दहा वर्षांत शेकडा किती वाढले, शहर जन्माने किती वाढले आणि बाहेरून आलेल्यांनी किती, हेच चालू असते. दारात मी मथुराच्या नावाने सिल्व्हर ओकचे रोप लावले आहे, त्यालाही दर रविवारी टेप लागते. मथुराचे चारही दोरे त्यांनी आलेखाच्या कागदावर उतरवले. दर सहा महिन्यांना पावणेदोन बोटे. या हिशेबाने ती फेब्रुवारीत कडीला लागते. म्हणजे शिरगणतीची माणसे दारात येतील तेव्हा या घरात तीन नावे सांगायची, असे मी मनाशी धरले आहे.

ती तुझ्या कुशीत शिरल्याशिवाय झोपत नाही असे तू लिहिलेस. वाचून मला बरे वाटायला हवे होते. नाही वाटले. पोटात आग पडली, अक्का, तुझ्यापासून काय लपवू?

चिकपेठेतून रेशमी कापड आणून परकर-पोलके शिवले आहे, ते वेगळ्या पार्सलाने पाठवते. वाढते अंग म्हणून मुद्दाम पायघोळ ठेवला आहे. मापाच्या दिवशी तिला तोच घाल. निदान त्या दिवशी तरी पोर आईच्या कपड्यात उभी राहू दे.

ती. मुकुंदरावांस नमस्कार. मथुराचा पापा घे, आणि धाकट्या बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वीणा

॥ श्री ॥

मिरज
ता. २२ एप्रिल १९६०

चि. सौ. वीणास,
शारदाअक्काचे अनेक आशीर्वाद.

परकर मिळाला. केवढा गं तो लांब! पोरीची पावलेसुद्धा दिसत नाहीत, पहिल्याच दिवशी दोनदा उंबऱ्याला अडखळली. पण अंगातून काढायला तयार नाही. "बंगळूरच्या आईचा परकर" म्हणून सगळ्या आळीत मिरवून आली. मी आजवर तिला अकरा फ्रॉक शिवले, त्यातला एक तरी असा कुणाला दाखवला असेल तर शपथ. तेव्हा आग काय ती तुझ्याच पोटात पडते असे समजू नकोस.

दामोदरपंतांना आशीर्वाद सांग, आणि म्हणावे, पोर म्हणजे तालुक्याचे गाव नव्हे. तिला ताप येतो, दात पडतो, कधी चार दिवस नुसत्या दहीभातावर राहते. तुम्ही तिकडे कागदावर ठिपके देता, इकडे तिच्यामागे वाटी घेऊन मी फिरते.

लाल दोरा देवाच्या डब्यात ठेवला आहे. मथुराला तो ठाऊक आहे. परवा मला विचारत होती की आपण त्याच्याएवढे झालो की काय होते. तू बंगळूरला जातेस, गाडीत बसून, असे मी सांगितले. ती बाहुलीला निजवायला गेली.

प्रकृतीला जप. या अक्काची आठवण नुसत्या दोऱ्यापुरती ठेवू नकोस म्हणजे झाले.

शारदाअक्का

॥ श्री ॥

राजाजीनगर, बंगळूर
ता. १० ऑक्टोबर १९६०

ती. सौ. अक्कास,
वीणाचा शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याचा दोरा आला आणि माझ्या काळजाचे पाणी झाले. सहा महिन्यांत अर्धे बोट! मी तीनदा लावून पाहिला. हे कचेरीतून आल्यावर त्यांच्याकडून मोजून घेतला. कडी अजून अडीच बोटे वर. ह्यांनी ठिपका दिला तर चांगली चढत असलेली रेष एकदम आडवी पडली. अशी रेष दोनच कारणांनी वाकते म्हणाले, आजाराने नाहीतर मापाने. माझ्या मनात आजारच आला. तिला खोकला नाही ना? संध्याकाळी अंग गरम लागते का? माझे दुखणे तिच्या अंगात उतरले नसेल ना गं?

शेजारच्या तुंगाबाई समजूत घालायला आल्या होत्या. त्यांची इथली चौथी पिढी. तरुणपणी या जागी त्यांनी नाचणीची शेते पाहिली आहेत, आता आमच्या रस्त्यावर रोज नवी भिंत उठते. त्या म्हणाल्या, स्वल्प थांब, लेकरू दम खाऊन वाढते. मी थांबते, पण माझ्या डोळ्यांसमोर सगळे वाढते आहे. रस्ता वाढला, दारातले रोप माझ्या खांद्याला आले. आणि जिचे वाढणे मला पाहायचे आहे ती तुझ्या अंगणात. तुझा हेवा वाटतो, अक्का. तिची नखे तू कापतेस याचासुद्धा वाटतो.

तिला डॉक्टरांना दाखव आणि उलटटपाली कळव. तुझ्या पत्राची वाट पाहणारी,

वीणा

॥ श्री ॥

मिरज
ता. २१ ऑक्टोबर १९६०

चि. सौ. वीणास अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांना दाखवले. पोर ठणठणीत आहे. खोकला नाही, ताप नाही, जेवताना पोळी मागून घेते. ज्येष्ठात शिवलेला निळा फ्रॉक आताच गुडघ्याच्या वर चढला आहे, दिवाळीला नवा शिवावा लागला. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

दोरा मी नेहमीसारखाच घेतला. तू बजावले होतेस म्हणून तुझा परकर घालूनच तिला भिंतीशी उभी केली होती.

इथल्या शाळेतले मास्तर शिरगणतीच्या कामाला लावले आहेत, त्यात आमचे हेही आहेत. जो माणूस नेहमी जिथे राहतो-जेवतो तिथे त्याचे नाव लिहायचे, असे त्यांना शिकवले म्हणे. मी विचारले, मग मथुराचे कुठे? हे म्हणाले, हे काय विचारणे झाले? तुला टोचावे म्हणून लिहीत नाही. पण नाही कशी म्हणू, थोडेसे टोचावे म्हणूनही लिहिते आहे.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

शारदाअक्का

॥ श्री ॥

राजाजीनगर, बंगळूर
ता. ४ जानेवारी १९६१

ती. सौ. अक्कास नमस्कार.

मी मुद्दाम मागवला म्हणून तू पुन्हा माप घेऊन दोरा पाठवलास. तो दसऱ्याच्या दोऱ्यापेक्षा बोटभर आखूड आहे. माझी मुलगी आता उलटी वाढते का, अक्का?

निळा फ्रॉक पाच महिन्यांत गुडघ्याच्या वर चढला असे तूच लिहिलेस. फ्रॉक वर चढतो आणि डोके खाली येते, हे कुठल्या देशात होते? आजार नाही हे तुझे डॉक्टर सांगतात. मग ह्यांनी सांगितलेले दुसरेच कारण उरते. माप घेणारी तू आहेस. फेब्रुवारीत ती कडीला लागणार हे तुला ठाऊक होते. शिरगणतीच्या कागदावर ती तुझ्या घरात दिसावी असे तुला वाटते, हेही तूच लिहिले आहेस.

माझी पोर तू सांभाळलीस, त्या उपकारातून मी सात जन्म सुटणार नाही. पण सांभाळायला दिली होती, अक्का, देऊन टाकली नव्हती. मला खरा दोरा पाठव.

काय लिहून पत्र संपवावे ते सुचत नाही.

वीणा

॥ श्री ॥

मिरज
ता. १७ जानेवारी १९६१

चि. सौ. वीणास आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही. आजवर मला कुणी लबाड म्हटले नव्हते, ते धाकट्या बहिणीने म्हणावे! तिसऱ्या दिवशी तुझ्यावर असा संताप आला की तुझ्या तोंडावर फेकायला पुरावाच पाहिजे असे वाटले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मथुरा सतरंजीवर झोपली होती, हातपाय ताणून. दोऱ्याचे टोक तिच्या टाचेशी धरले आणि डोक्यापर्यंत नेले. मग तुझा लाल दोरा काढून शेजारी ठेवला. तंतोतंत! झोपलेले माणूस केसभर लांब भरते म्हणतात, पण साडेतीन बोटे नाही भरत.

उठल्यावर परकर घालून तिला भिंतीशी उभी केली आणि परकर वर उचलला. गुडघे वाकवलेले. पाठ भिंतीला, मान ताठ, चेहरा शांत, आणि आत परकरात गुडघे वाकलेले. तुझ्या त्या पायघोळ परकरात मला कधी दिसलेच नाही गं. विचारले तर रडली नाही. लाल दोऱ्याएवढे झाले की गाडीत बसवतात, म्हणून मी होतच नाही, असे म्हणाली.

आता जे लिहिते ते वाचून मला हवे ते म्हण. मला आनंद झाला. माझी तीन पोटातच गेली, चौथ्याची आशा देवाने ठेवली नाही, आणि या पोरीला माझ्यापाशी राहायचे म्हणून तिने स्वतःची उंची लपवली. अख्खी दुपार मी सणासारखी घरभर फिरले. खरा दोरा चुलीत घालावा आणि तुला आखूडच पाठवत राहावे, असे मनात आले. चुलीपर्यंत गेलेसुद्धा.

संध्याकाळी ती तेलाची वाटी घेऊन आली. मांड्या दुखतात म्हणाली. पुन्हा माप घेशील म्हणून रोज दाराआड उभी राहून सराव करते, गेला महिनाभर. तेल चोळताना तिच्या मांड्या माझ्या हाताला दगडासारख्या लागल्या. मग माझ्याने दोरा जाळवेना.

तो सोबत पाठवला आहे. शिरगणतीच्या आत तिला घेऊन येते, गाडी कळव. मला तिथे दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवून घेऊ नकोस, माझ्याने मग निघवणार नाही.

तुझी लबाड नसलेली,
शारदाअक्का

॥ श्री ॥

राजाजीनगर, बंगळूर
ता. ३० जानेवारी १९६१

ती. सौ. अक्कास,
वीणाचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. मी जे लिहिले ते परत घेता येत नाही. तू ते पत्र फाडून टाक.

दोरा जमिनीपासून चौकटीला लावला. कडीला लागला. ह्यांनी कागदावर ठिपका दिला तर रेष पुन्हा सरळ वर गेली. मी फेब्रुवारी म्हटले होते, बघ, असे ते खुशीत म्हणाले आणि मी त्यांच्या अंगावर ओरडले. बिचारे कागद गुंडाळून बाहेर रोपाला पाणी घालायला गेले.

चार दिवस मी नुसती तुझ्यावर जळत बसले होते. मी तिला जन्म दिला, आणि माझ्याकडे यावे लागू नये म्हणून ती महिनाभर दाराआड वाकून उभी राहते! कधी वाटे, आत्ता घेऊन ये म्हणावे, रडली तर रडू दे, चार दिवसांत रुळेल. ह्यांचेही तेच म्हणणे पडले. तार करायचीसुद्धा ठरली होती.

काल दुपारी घरात कुणी नव्हते. मी चौकटीला पाठ लावून गुडघे वाकवून उभी राहिले. शंभर आकडे होईपर्यंत राहायचे ठरवले होते. चाळीसला मांड्या थरथरायला लागल्या, साठला खाली बसले. मग तिथेच बसून खूप रडले, अक्का. ती सहा वर्षांचीसुद्धा झालेली नाही.

आज सकाळी तुंगाबाईंच्या ओळखीचा सुतार बोलावला. दाराची कडी काढून चार बोटे वर बसवून घेतली. जुन्या भोकांत लाकूड ठोकून वर रंग दिला आहे, पण जागा दिसते. ह्यांना मी सांगितले की तुमच्या ठिपक्यांना आता वर्षभर तरी काम आहे. त्यांनी कडी वरखाली करून पाहिली.

नव्या कडीच्या उंचीचा लाल दोरा सोबत आहे. जुना तोडून टाक. मथुराला सांग की बंगळूरच्या आईने कडी मोजण्यात चूक केली होती, अजून चार बोटे बाकी आहेत आणि इतक्यात गाडी नाही. मे महिन्यात मीच मिरजेला येते, दोन महिने राहायला. डॉक्टरांनी मूल उचलू नको म्हटले आहे, त्याची वेणी घालू नको असे नाही म्हटले. आधी तिला माझी ओळख होऊ दे. पुढच्या वर्षी ती आपण होऊन गाडीत बसली तर बसली.

शिरगणतीला मुकुंदरावांनी तिचे नाव तुमच्याच घरात लिहावे. आमच्याकडे दोनच माणसे आहेत असे मी सांगेन. तुझा हेवा अजून वाटतो, कमी झालेला नाही, आणि मे महिन्यात तो घेऊनच मी तुझ्या दारात येणार आहे. मला घरात घे.

परकराला खालून वीतभर दुमडून टीप घाल, पावले दिसू देत. आणि आजच्या आज तिला भिंतीशी नेऊन सांग, आता खुशाल सरळ उभी राहा.

तुझी,
वीणा