माझी आत्या अभिनेत्री होती

प्रिय आत्या,

काल मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुझ्या शोकसभेत मी बाबांचं बोलणं मधेच तोडलं. काल रात्रीपासून ते माझ्याशी बोलत नाहीत. म्हणून तुलाच लिहिते.

बाबा माइकवर म्हणाले, "माझी लहान बहीण लग्न होऊन विलायतेत गेली, तिकडे नोकरी केली, म्हातारपणी रायपूरला परत आली." बस, एवढंच. वीस वर्षं तू इंग्लंडच्या टीव्हीवर काम केलंस, आणि सख्ख्या भावाच्या तोंडी त्याबद्दल एक शब्द नाही? मी उठून उभी राहिले.

"नोकरी नाही, बाबा. आत्या अभिनेत्री होती."

"खाली बस, मंजू."

"नाही बसत."

आणि सगळं सांगितलं. तुझे यजमान गेल्यावर तू दिवसा शिवणाच्या कारखान्यात आणि संध्याकाळी हौशी नाटकांत काम करायचीस. टीव्हीवरची पहिली भूमिका दुकानदारणीची, दोन वाक्यांची. पुढे एका विनोदी मालिकेत मोठी भूमिका मिळाली, पण दिग्दर्शकाला तुझ्या तोंडी वेडंवाकडं इंग्रजी हवं होतं. लोक हसले पाहिजेत म्हणे. तू त्याला सांगितलंस, "प्रसंगावर हसू द्या. माझ्या बोलण्यावर नाही." भूमिका गेली. वर्षभर कोणी बोलावलं नाही. तू पुन्हा मशीनवर बसलीस.

मग ती दवाखान्याची मालिका आली. आठ वर्षं तू त्यात नर्स होतीस. एका भागात शेवटच्या घटका मोजणाऱ्या म्हाताऱ्याचा हात धरून तुला आपल्या भाषेत काहीतरी बोलायचं होतं. कागदावर ओळच नव्हती. तू म्हणालीस, "भेऊ नका बाबाजी, मी हावो न इथंच." इंग्लंडच्या घराघरांत आपली वऱ्हाडी ऐकू गेली!

एक राग मात्र तुझ्यावरही आहे. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, आपल्या तात्यापारा मोहल्ल्यात लाल दिव्याच्या गाड्या अडकायला लागल्या, तेव्हा तू परत आलीस. पाहुण्यांसमोर बाबा म्हणायचे, "तिच्या त्या कामाचा विषय नको." आणि तू मुकाट चहा गाळत राहायचीस. मी एकदा विचारलंच, "तिकडं साहेबाले तोंडावर नाही म्हटलं, मंग इथं आपल्या दादासमोर काहून गप्प बसते तू?"

तू म्हणालीस, "तिथं एक काम गेलं तं दुसरं भेटे. भाऊ मले एकच हाये, पोट्टे."

तेव्हा मी "हव" म्हणून गप्प झाले. आज नाही होणार. भाऊ टिकवायला स्वतःलाच पुसून टाकायचं का, आत्या? तू चुकलीस. मीही चुकले. तू समोर असतानाच उठायला हवं होतं मी.

सभा संपल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "घरातल्या गोष्टी चारचौघांत कशाला काढल्या?"

मी म्हटलं, "ती टीव्हीवर होती, बाबा. घरात तर आपण लपवलं तिला."

तुझ्या ट्रंकेत त्या मालिकेच्या सहा कॅसेटी सापडल्या. येत्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये टीव्ही आणि व्हीसीआर लावते आहे. दारातल्या फळ्यावर तुझं पूर्ण नाव लिहीन आणि त्याखाली 'अभिनेत्री'. पहिल्या रांगेत बाबांची खुर्ची ठेवीन. ते आले तर मी स्वतः हात धरून त्यांना बसवीन. नाही आले तर खुर्ची रिकामी राहील. पण वचन देते, पाच वाजता कॅसेट सुरू होईल.

तुझीच पोट्टी,
मंजू