खंडेनवमीची उदबत्ती

१ ऑक्टोबर २०२५, वाशीम

खंडेनवमी. कॉलेजात टेबलांपासून झेरॉक्सपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागलं. माझ्या टेबलाला नाही. साप्ताहिकातल्या सदरात देवाधर्माची टर उडवणारा हेडक्लार्क मी!

तरी संशोधन करणाऱ्या नाजिशच्या प्रयोगशाळेत शिरलो. रिकामी होती. मागे तिच्यावरच लिहिलं होतं — ‘वाशीमात धूळ फुकट, ही पोरगी यंत्राने पाडते.’ गाव हसलं. ती एवढंच म्हणाली, ‘‘काका, तुमची धूळ लहानमोठी. माही सारी एकाच मापाची. तवाच तं कळीन, डाळमिलमधल्या बायांच्या मास्कातून कोनती आत जाते.’’ बारीक नळीच्या टोकाशी विजेचा दाब, द्रवाचा इवलासा शंकू, त्यातून फवारा. थेंब वाळले की सारखे कण!

मनात खात होतं. म्हणून तिच्या यंत्राला उदबत्ती लावली — हवेच्या नळीच्या सांध्यात खोचून. दाराशी पावलं वाजली. उपटून खिशात कोंबली. खिशाला भोक.

३ ऑक्टोबर

नाजिशच्या पडद्यावर कणांच्या मापाचा एकच सुळका यायला हवा. आली उंटाची पाठ! सोमवारी नागपूरची मंडळी प्रयोग बघायला येणार. तिने नळी धुतली, पुन्हा धुतली. ‘‘काका, माह्याच हाताचं काही चुकून राह्यलं का?’’

‘‘हवामान असेल,’’ मी म्हणालो. हवामान!

४ ऑक्टोबर

सांध्यात काडीचा तुकडा सापडला. तिथूनच खोलीतली धूळ आत जात होती. काढला — सुळका ताठ! नाजिश टाळ्या वाजवत होती. विभागप्रमुख मात्र झाडणाऱ्या रंगूबाईवर तापले. ‘‘झाडूची काडी! सोमवारपासून येऊ नका.’’

तिने झाडू भिंतीला टेकवला.

ती काडी माझ्या उदबत्तीची, हे मी गिळून टाकलं. गावाच्या ढोंगावर बोट ठेवणारा मी! तिला कमी केल्याचं पत्रही मीच टाईप करायचं.

५ ऑक्टोबर

टाईप केलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

६ ऑक्टोबर

पत्र हातात दिलं तशी रंगूबाई हळूच म्हणाली, ‘‘म्या पाह्यलं होतं तुमाले, भाऊ. हात जोडून उभे होते. लोकं हासतीन तुमाले, म्हून नाई सांगतलं.’’

पत्र परत घेतलं. विभागप्रमुखांचं दार ढकललं. नागपूरची सगळी मंडळी आत चहा घेत होती. बरंच झालं — हसायला माणसं हवीतच.