माझ्या मनाला मिळालेले गुण

ती. सौ. ताईस धाकटीचा वाकून नमस्कार. तू पाठवलेले मोजे (जोड दोन) आणि तेलाची बाटली (अर्धी वाटेत सांडलेली) पोचली. तिकिटं कमी पडली, दंड मी भरला, ते असो. गुडघे कसे आहेत? देवाजवळ रोज मागते, पण तू जिने चढायची थांबलीस तर त्यालाही जरा सोपं जाईल.

तिसरी वस्तू दवाखान्यातून आली, ती फुकट. (फुकटचं महाग पडतं, हे तूच सांगायचीस.) सहा महिने मला झोप नाही, उगाच रडू येतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तळहाताएवढं यंत्र दिलं. दिवसातून दहादा, मनात येईल तेव्हा वाजतं आणि विचारतं, आत्ता मन कसं आहे, एक ते सात गुण द्या (सात म्हणजे उत्तम). उत्तर पाच मिनिटांत. माझे हात पाच मिनिटं रिकामे असतात कधी? पिठात, नाहीतर फरशीच्या पाण्यात, नाहीतर देवापुढे जोडलेले. तेव्हा हे म्हणाले, "तू तुझं कर, मी दाबतो. तुझं मन मला ठाऊक नाही का?" तीस वर्षांतली ह्यांची ही पहिली मदत, नको कशी म्हणू?

गुरुवारी दवाखान्यात हेही बरोबर आले. बाईंनी आलेख दाखवला. (मला वाचता येतो, मॅट्रिकला गणितात पहिली होते.) दुपारी दोन ते चार माझं मन सर्वांत प्रसन्न असतं, असं निघालं. तेव्हा मी भांडी घासते आणि हे पेपर घेऊन लोळतात. मन घसरलं ते एकदाच, शनिवारी. ह्यांची दाढ ठणकत होती. बाई म्हणाल्या, "छान सुधारणा आहे, येत्या गुरुवारी शेवटचं भेटू." हे शेजारी मान डोलावत होते; परक्यासमोर नवऱ्याला खोटं कसं पाडू? पण ताई, आठवड्यात तेवढा अर्धाच तास मला कुणी "मग पुढे?" असं विचारतं. बाकी क्षेम.

तुझी धाकटी

ता. क. हे केस कापायला गेलेत. मघाशी यंत्र वाजलं, पहिल्यांदाच मी स्वतः दाबलं: एक. त्याने विचारलं, हे उत्तर नेहमीपेक्षा फार वेगळं आहे, चुकून दाबलं का? जिन्यात ह्यांच्या चपला वाजल्यासारख्या वाटल्या. मी 'हो' दाबलं.

ता. क. दुसरा. ह्या कागदाच्या मागच्या बाजूला बाईंचा पत्ता आहे. माझी पाकिटं हेच पत्ता वाचून पेटीत टाकतात, म्हणून मला त्यांना लिहिता येत नाही. ते गुण माझे नाहीत, एवढं तू गुरुवारच्या आत कळव. माझ्या नावाची पत्रंही आधी हेच फोडतात. तेव्हा काम झालं असलं तर "इकडे हवा बरी" एवढंच उलट टपाली लिही.